टाळूवरचे औषध आणि घरातले मौन

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. ऐन आणि अर्जुन या झाडांवर पोसलेल्या अळीच्या कोशातून निघणारा टसरचा धागा, त्यावर चालणारे हातमाग आणि विदर्भाचे नाव दूरवर नेणारी करवतकाठी साडी, ही या भागाची ओळख. आतला जीव बाहेर पडण्यापूर्वीच कोश उकळला जातो, म्हणून पुष्कळ जैन घरांत कोसा अंगाला लावत नाहीत, ही गोष्ट वेगळी. पण धागा हा विषय गावातल्या माणसाला नवा नाही. धागा बारीक होत चालला आहे हे विणकराला तो तुटण्याआधीच बोटांनी कळते. डोक्यावरच्या केसाचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे बारीक होत जातो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते एके दिवशी न्हाव्याच्या दुकानातील मागच्या आरशात, किंवा चुलतभावाच्या लग्नाच्या छायाचित्रात, जे वरच्या गच्चीवरून काढलेले असते.

अशा गावात वडिलांबरोबर कापडाचे दुकान सांभाळणारा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. हे कोणा एका घराचे वर्णन नव्हे. पण ते कोणत्याही घरात बसेल. बी.कॉम. झालेला, व्यवहाराला चोख, घरचा एकुलता. पुढच्या वधू-वर परिचय मेळाव्यासाठी त्याचा परिचयपत्रकाचा फोटो काढायचा आहे आणि तो तीन रविवार टाळतो आहे. दुकानात बसताना टोपी आली आहे. आई खोबरेल तेलात जास्वंद आणि माका उकळून देते. वडील हसून म्हणतात, ‘मामाच्या डोक्याकडे बघ, तुझं भविष्य तिथं लिहिलंय.’ हसण्यावारी नेलेली ही गोष्ट मुलगा मात्र हसण्यावारी नेत नाही. मोबाइलवर शोधत तो एका बाटलीपर्यंत पोहोचतो. बाटलीवर लिहिलेले असते : मिनॉक्सिडिल ५ टक्के, फिनास्टेराइड ०.१ टक्का. बाटली कपाटात वह्यांच्या मागे राहते. चौविहाराचा नियम पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर पोटात काही जायचे नसते. टाळूला लावायला नियमाची आडकाठी नाही, म्हणून रात्री दिवा मालवल्यावर एक मिलिलिटर टाळूवर. घरात कोणालाच पत्ता नाही. पुढे लग्न ठरते, सून घरी येते, आणि बाटली अजून वह्यांच्या मागेच असते.

या बाटलीत काय आहे, ते काय करते आणि तिच्याभोवतीचे मौन किती महाग पडू शकते, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

पुरुषांच्या टकलाचा संबंध पुरुषी संप्रेरकाशी आहे, हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे निकामी झाली होती अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे नुसते संप्रेरक पुरे नाही आणि नुसते घराणेही पुरे नाही. दोन्ही एकत्र यावी लागतात. वडिलांचे मामाविषयीचे वाक्यही अर्धेच खरे आहे. संप्रेरकाला पकडणाऱ्या ग्राहकाचे जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून मामाकडे बोट दाखवले जाते. परंतु टकलाशी निगडित इतर अनेक जनुके आई-वडील दोघांकडूनही येतात. मामाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढची गोष्ट घडली कॅरिबियन बेटांवरील डोमिनिकन प्रजासत्ताकात. तेथील सालिनास या खेड्यात काही मुले जन्मतः मुलगी समजून वाढवली जात आणि वयात आल्यावर त्यांचे पुरुषपण प्रकट होई. डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली त्याचे कारण मांडले. शरीरात टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, या अधिक तीव्र संप्रेरकात करणारे ‘फाइव्ह-अल्फा रिडक्टेज’ नावाचे विकर असते. या मुलांत त्याची उणीव होती. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहत होती आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे सरकत नव्हते. हेच विकर औषधाने रोखता आले तर? मर्क कंपनीने फिनास्टेराइड तयार केले ते या विचारातून. १९९२ साली ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी आणि डिसेंबर १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी टकलासाठी अमेरिकेत मंजूर झाली. एका दूरच्या खेड्यातील मुलांच्या दुखण्यातून जगभरातील पुरुषांच्या केसांचे औषध निघाले, हा योगायोग विलक्षणच.

डीएचटी केसाच्या मुळाशी जाऊन बसते आणि ज्यांची मुळे त्याला संवेदनशील असतात त्यांच्यात केसाचा वाढीचा काळ आखूड होत जातो. निरोगी केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग काही महिने विसावतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे त्यामुळेच स्वाभाविक. टकलात प्रत्येक फेरीला वाढीचा काळ कमी, केस आधीपेक्षा बारीक, शेवटी नुसती लव. मानेजवळच्या मागच्या केसांना डीएचटीची बाधा होत नाही, म्हणूनच टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्याभोवती ती परिचित झालर उरते, आणि केसरोपणाच्या शस्त्रक्रियेत केस घेतले जातात तेही तिथूनच.

गोळीला मात्र एक अडचण आहे. ती पोटात जाते, रक्तात मिसळते आणि सर्व शरीरातील डीएचटी खाली आणते. गोळीच्या मूळ चाचण्यांत, औषध घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांनी लैंगिक स्वरूपाची एखादी तरी तक्रार सांगितली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. टक्केवारी लहान आहे, पण नुकत्याच लग्न झालेल्या मुलाच्या मनात ती लहान राहत नाही. त्यातूनच विचार पुढे आला की, दोष टाळूत आहे तर औषध टाळूलाच का लावू नये?

टाळूवर लावायच्या संप्रेरकविरोधी औषधांचे दोन प्रकार आहेत आणि दुकानदाराला कळेल अशा भाषेत त्यांतील फरक सांगता येईल. पहिला प्रकार माल तयार होण्याच्या जागीच अडवतो : फिनास्टेराइड आणि त्याहून प्रबळ ड्युटास्टेराइड. दुसरा प्रकार माल तयार होऊ देतो, पण गिऱ्हाइकाच्या दारात आधीच जाऊन बसतो, म्हणजे केसाच्या मुळातील ग्राहकाला चिकटून डीएचटीला जागा उरू देत नाही. क्लॅस्कोटेरोन हे या दुसऱ्या प्रकारातले. त्याचे १ टक्क्याचे मलम ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत मुरुमांसाठी मंजूर झाले; टकलासाठी अधिक तीव्र द्रावणाच्या चाचण्या त्यानंतर झाल्या. मिनॉक्सिडिल या दोन्हींत बसत नाही. ते मुळात रक्तदाबाचे औषध. रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचे लोशन झाले आणि १९८८ साली अमेरिकेत मंजूर झाले. संप्रेरकाशी त्याचे काही भांडण नाही. आपल्याकडील बाटल्यांत ही दोन औषधे एकत्र असतात, त्यामुळे ग्राहकाला वाटते की औषध एकच आहे.

परिणामाविषयी नेमके आकडे द्यायचे तर युरोपातील एका मोठ्या चाचणीचे देता येतील. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. फिनास्टेराइडचा फवारा २४ आठवडे वापरलेल्या पुरुषांच्या टाळूवर, मोजणीसाठी आखलेल्या एक चौरस सेंटिमीटर जागेत सरासरी २०.२ केस वाढले. औषध नसलेला फवारा मारणाऱ्यांत ही वाढ ६.७ होती. गोळी आणि फवारा यांच्या परिणामांत फारसे अंतर दिसले नाही. रक्तातील डीएचटी मात्र गोळीने ५५.६ टक्के आणि फवाऱ्याने ३४.५ टक्के उतरले. या शेवटच्या आकड्यापाशी थांबावे. ‘लोशन आहे, बाहेरून लावायचे आहे, आत काही जात नाही’ हे वाक्य दुकानातही ऐकू येते आणि मित्रही सांगतात. आत जाते. गोळीपेक्षा पुष्कळ कमी जाते, पण जाते. आणि ही मोजणी ठरावीक मात्रेच्या फवाऱ्याची आहे. लवकर केस यावेत म्हणून एकाऐवजी तीन मिलिलिटर ओतणाऱ्याच्या रक्तात किती जाईल, याची हमी त्या चाचणीतून मिळत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच विषयावर सावधगिरीची सूचना काढली. तेथे टाळूवर लावायचे फिनास्टेराइड मंजूर नाही. औषधालये ते स्वतः मिसळून देतात आणि दूरध्वनीवरील सल्ल्यावर ते घरपोच जाते. २०१९ ते २०२४ या काळात अशा मिश्रणांबाबत ३२ तक्रारी नोंदल्या गेल्या. लैंगिक दुर्बलता, चिंता, निद्रानाश, थकवा, खिन्नता, आत्महत्येचे विचार. काहींच्या सांगण्याप्रमाणे औषध थांबवल्यावरही त्रास राहिला. अनेकांना लोशनने असे काही होऊ शकते हे कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्याच महिन्यात युरोपच्या औषध संस्थेने फिनास्टेराइडच्या गोळ्यांच्या बाबतीत आत्महत्येच्या विचारांचा धोका मान्य केला. फवाऱ्याच्या उपलब्ध माहितीत मात्र तसा संबंध दिसत नाही, असेही नमूद केले. लाखो लोक वापरतात त्या औषधाच्या ३२ तक्रारी म्हणजे घबराटीचे कारण नव्हे. पण जो मुलगा बाटली लपवून वापरतो, त्याला झोप लागेनाशी झाली, दुकानात लक्ष लागेनासे झाले, तर घरातले लोक नजर लागली म्हणतील, धंद्याची काळजी म्हणतील, सुनेशी पटत नसेल म्हणतील. बाटलीवर कोणाचाच संशय जाणार नाही, कारण ती आहे हेच कोणाला माहीत नाही.

मौनाची दुसरी किंमत याहून थेट आहे, आणि ती एकत्र कुटुंबाला लागू पडते. पोटातील मुलग्याच्या बाह्य अवयवांची घडण डीएचटीवर अवलंबून असते. सालिनासच्या मुलांची कथा तेच सांगते. म्हणून गर्भवती स्त्रीने फिनास्टेराइडला, ते कोणत्याही रूपात असो, त्वचेचा स्पर्श होऊ देऊ नये असे बजावलेले असते. आता घरातले चित्र पाहावे. एकच उशी, एकच टॉवेल, सकाळी अंथरूण काढणारी आणि अभ्रे धुणारी सून, जिला दिवस गेले आहेत आणि जिला बाटलीविषयी काहीही माहीत नाही. लोशन लावून ते पूर्ण वाळल्याशिवाय उशीला डोके टेकू नये, हात साबणाने धुवावेत, टॉवेल आणि अभ्रा वेगळा ठेवावा, या गोष्टी साध्या आहेत. पण गुप्तपणे त्या पाळता येत नाहीत. लग्नापूर्वी दुकानाचे कर्ज सांगितले जाते, चष्म्याचा नंबर सांगितला जातो. ही बाटलीही निदान लग्नानंतर तरी बायकोला दाखवायला हवी.

मिनॉक्सिडिलच्या बाबतीत सावधगिरी वेगळी आहे. अलीकडे स्पेनमध्ये काही तान्ह्या बाळांच्या अंगावर दाट लव येऊ लागली. शोध घेतला तेव्हा बाळाला सांभाळणारी व्यक्ती हे लोशन लावत होती असे आढळले. लोशन बंद झाल्यावर लव ओसरली. मांजरांना तर हे औषध जीवघेणे ठरते. उशीवर किंवा मालकाच्या केसांवर राहिलेले थोडेसे चाटण्यात आले तरी मांजर दगावू शकते. गाळून पाणी पिणाऱ्या, पांजरापोळाला देणगी देणाऱ्या घरात दुकानाच्या गोण्यांवर निजणारे मांजर या कारणाने जावे, हे किती जणांच्या ध्यानात येईल? बाटलीच्या कागदावर ते बहुधा छापलेले नसते.

घटकांविषयीही घरातून प्रश्न येतोच. खाद्यपदार्थांवर असतो तसा हिरव्या ठिपक्याचा नियम औषधांना नाही. लोशनमध्ये बहुधा अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. केसांसाठी म्हणून बरोबर दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ज्यांना हे टाळायचे असेल त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे. त्याच घटकांची गोळी अनेकदा मिळते. औषधांच्या चाचण्या प्राण्यांवर होतात हा प्रश्न याहून मोठा आहे आणि तो फक्त केसांच्या औषधापुरता नाही. मात्र जीव वाचवणारे औषध आणि शोभा राखणारे औषध यांत फरक करण्याचा अधिकार प्रत्येक श्रावकाला आहेच.

याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक केसगळती डीएचटीमुळे होत नाही. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. शरीर अडचणीत आले की ते केसांसारखा खर्च आधी थांबवते. तूट भरली की केस आपोआप परत येतात. पर्युषणात अठाई किंवा मासक्षमण केलेल्या तपस्वींच्या घरी कार्तिक-मार्गशीर्षात फणीत केस दिसू लागतात तेव्हा ‘पाणी बदलले’, ‘शाम्पू बाधला’ अशी चर्चा होते. तपाची महती आपल्या जागी आहे. शरीराचा हिशोबही आपल्या जागी आहे. अशा केसगळतीला संप्रेरकविरोधी लोशन लावणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध. पारण्यानंतर आहार सावकाश वाढवणे, डाळी-उसळी पुरेशा घेणे, रक्तातील लोह तपासणे आणि थायरॉइड पाहणे, एवढे बहुधा पुरते. शाकाहारी घरांत, विशेषतः दूध-दही सोडणाऱ्यांत, बी-१२ ची तपासणीही करून घ्यावी.

आपल्या विदर्भातच याचे ढळढळीत उदाहरण घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी टाळूला खाज, मग हाताने ओढला तर केस हातात, आणि काही दिवसांत टक्कल. पुरुष, स्त्रिया, लहान मुले, कोणीही सुटले नाही. प्रथम पाण्याकडे बोट दाखवले गेले, बुरशीचा संशय आला, शाम्पूची चौकशी झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यात असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून निष्कर्ष मांडला की रेशनच्या गव्हात सेलेनियम हे द्रव्य अतिप्रमाणात होते आणि ते रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत आढळले. पुढे काहींची नखेही गळू लागली. त्या गावांतील कोणी घाबरून फिनास्टेराइडची बाटली आणली असती तर पैसे गेले असते आणि कारण तसेच राहिले असते. कारण शोधल्याशिवाय औषध घेणे म्हणजे वही न तपासता तूट भरून काढण्याचा प्रकार.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे हा पहिला खर्च. आंधळगावहून त्यासाठी भंडारा किंवा नागपूर गाठावे लागते, आणि दुकान बंद ठेवून केसांसाठी नागपूरला जायचे म्हणजे वडिलांना कारण सांगणे आले. इथेच बहुतेक मुले अडतात आणि मोबाइलवरून मागवतात. फिनास्टेराइड कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे, याचा विसर दोन्ही बाजूंना पडतो. मोबाइलवर मिळणारा धोका तेवढाच नाही. ‘आरयू ५८८४१’ या नावाचे एक द्रव्य अजूनही विकले जाते. फ्रान्समधील रूसेल-युक्लाफ कंपनीने काही दशकांपूर्वी ते तयार केले. माकडांवर प्रयोग झाले. औषध म्हणून ते कुठेही मंजूर झाले नाही. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेली पूड विकत घेऊन घरी द्रावण करणारे लोक आहेत. सराफाकडे हॉलमार्क पाहणारा माणूस स्वतःच्या डोक्यावर बिनछापाची पूड लावतो.

डॉक्टरांनी औषध दिलेच तर धीराची तयारी हवी. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते. जुने केस नव्यांना वाट करून देतात. हे न सांगितल्यामुळे पुष्कळजण महिन्यातच बाटली फेकतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने, खरा अंदाज यायला वर्ष. गुळगुळीत झालेल्या जागी जंगल उगवत नाही. उरलेले टिकते, बारीक झालेले थोडे जाड होते. आणि औषध थांबले की कमावलेले सारे सहा महिने ते वर्षभरात जाते. बँकेच्या भाषेत ही मुदत ठेव नव्हे, भाडे आहे. जोवर भराल तोवर घर. उदाहरणापुरते महिन्याला ८०० रुपये धरावेत. वर्षाला ९,६०० आणि पंचविसाव्या वर्षापासून पंचावन्नपर्यंत तीस वर्षांचे २,८८,००० रुपये. हीच रक्कम दरसाल ७ टक्के चक्रवाढीने ठेवली असती तर अखेरीस नऊ लाखांच्या पुढे गेली असती. खर्च करू नये असे नाही. लोक याहून निरर्थक गोष्टींवर खर्च करतात. पण किती वर्षांसाठी करार करतो आहोत हे पहिल्या बाटलीपूर्वी माहीत असावे. पाच-सात वर्षे, लग्न होईपर्यंत किंवा स्वतःच्या चेहऱ्याशी समेट होईपर्यंत औषध वापरून मग सोडून देणारेही असतात, आणि त्यात चूक काही नाही.

घरातील स्त्रियांचे केसही विरळ होतात, भांग रुंद होत जातो, आणि त्याविषयी तर टोपीचीही सोय नाही. पण नवऱ्याची बाटली बायकोने वापरायची नसते. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला फिनास्टेराइड चालत नाही. तिच्यासाठी तपासण्या वेगळ्या, औषधे वेगळी.

ज्या समाजात केशलोच हा व्रताचा भाग आहे त्या समाजाने केस गेल्याचे एवढे दुःख का करावे, असे कोणी विचारील. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत केशलोच येतो. दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी ते स्वहस्ते केस उपटतात, आणि तो दिवस श्रावकांसाठी सोहळा असतो. श्वेतांबर परंपरेतही लोच आहेच. परंतु याच परंपरेने भगवान ऋषभदेवांची मूर्ती खांद्यावर रुळणाऱ्या बटांवरून ओळखायला शिकवले. दीक्षेच्या वेळी इंद्राच्या विनंतीवरून त्यांनी पाचवी मूठ तशीच राहू दिली, अशी श्वेतांबर कथा आहे. श्रवणबेळगोळच्या बाहुबलींच्या मस्तकावर दगडात कोरलेले कुरळे केस आहेत. सोडून दिलेला केस आणि हिरावून घेतलेला केस यांत अंतर आहे. मुनींचा दाखला देऊन सत्तावीस वर्षांच्या मुलाला गप्प बसवणे सोपे. त्याने कोणतेही व्रत घेतलेले नाही, त्याला मेळाव्यात व्यासपीठावर उभे राहून स्वतःची ओळख सांगायची आहे. २०१९ साली या एकाच विषयावर ‘बाला’ आणि ‘उजडा चमन’ असे दोन हिंदी चित्रपट लागोपाठ आले, ते काही उगीच नव्हे. घरात या विषयावर होणारी थट्टा थोडी कमी झाली तर बाटली वह्यांमागून बाहेर यायला मदत होईल. आणि मुलीकडच्या मंडळींनीही फोटोवर बोट ठेवण्याआधी स्वतःच्या जावयांच्या डोक्यांची आठवण करावी.

एक तपशील राहिला. महावीर जन्मकल्याणकाला आणि पर्युषणाच्या सुमारास समाजात रक्तदान शिबिरे होतात आणि असे तरुण त्यांत पहिल्या रांगेत असतात. दिलेले रक्त एखाद्या गर्भवती स्त्रीला चढवले जाऊ शकते. म्हणून फिनास्टेराइडची गोळी घेणाऱ्याने शेवटच्या मात्रेनंतर महिनाभर आणि ड्युटास्टेराइड घेणाऱ्याने सहा महिने रक्त देऊ नये, असा संकेत आहे. लोशन वापरणाऱ्यानेही शिबिरातील डॉक्टरांना तसे सांगून त्यांचा निर्णय घ्यावा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी प्रोस्टेटच्या पीएसए चाचणीपूर्वीही हे सांगावे, कारण फिनास्टेराइडने तो आकडा निम्म्यावर येतो आणि खरा धोका झाकला जातो. शिबिराच्या अर्जात ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असा रकाना असतो. कार्यकर्ते घाईत असतात, मागे रांग असते, शेजारी ओळखीचे लोक असतात आणि त्या रकान्यात बहुतेकजण आडवी रेघ मारतात.